दाराला कडी हवी

दिवाळी अंकात रडकथा लिहू नये, असा एक संकेत आहे. फराळाचे ताट पुढ्यात घेऊन बसलेल्या वाचकाचा घास अडकेल असे काही सांगू नये, हे संपादकांचे म्हणणे मला मान्य आहे. म्हणून मी रडकथा सांगणार नाही. भांडण करणार आहे. भांडण दिवाळीला वर्ज्य नाही. बहुतेक घरांत ते फटाक्यांच्या खर्चावरून वसुबारसेलाच सुरू होते आणि भाऊबीजेच्या ओवाळणीपर्यंत पुरते.

माझे भांडण एका शब्दाशी आहे आणि त्या शब्दाच्या आड बसून जो कारभार चालतो त्याच्याशी आहे. तो शब्द म्हणजे ‘समुपदेशन’. ज्या कोणा पंडिताने तो घडवला, त्याचा हेतू चांगलाच असला पाहिजे. परंतु त्याने त्या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ ठेवला आणि तिथेच घात झाला. उपदेश हे आपल्याकडचे सर्वांत मुबलक पीक आहे. त्याला पाऊस लागत नाही, खत लागत नाही आणि हमीभाव नसला तरी त्याची पेरणी थांबत नाही. वडील करतात, मामा करतात, एस.टी.त शेजारी बसलेला अनोळखी इसम करतो, आणि आम्ही शिक्षक तर त्याचाच पगार घेतो. अशा मुलखात ‘समुपदेशन’ म्हटल्याबरोबर लोकांना वाटले, हे तर आपलेच काम! नीट कपडे घालून, ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून केलेला उपदेश म्हणजे समुपदेशन, असा त्याचा अर्थ रूढ झाला. तो अर्थ चुकीचा तर आहेच. मला तो घातकही वाटतो.

मी धाराशिव जिल्ह्यातला. 2023 पर्यंत ज्याला सरकारी कागदावर उस्मानाबाद म्हणत तो हा जिल्हा. आठ तालुके, बालाघाटाचे माळ, भरवशाचा नसलेला पाऊस, आणि वर्तमानपत्रात नाव आले की बहुधा एकाच कारणासाठी येणारे. महाराष्ट्रातल्या ज्या 14 जिल्ह्यांना शेतकरी आत्महत्यांचे जिल्हे म्हणून सरकारने वेगळे काढले, त्यांत आम्ही आहोत. 2015 साली यवतमाळबरोबर आमच्या जिल्ह्यात ‘बळीराजा चेतना अभियान’ आले. त्याच सुमारास ‘प्रेरणा प्रकल्प’ आला. शेतकऱ्याला कर्जाइतकेच मनही असते, हे सरकारदरबारी मान्य झाले, याबद्दल मी मनापासून आभार मानतो. आशाताई घरोघर प्रश्नावली घेऊन फिरल्या, जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय झाली. यांपैकी कशालाही मी नावे ठेवीत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे, की आपण माणसाचे मन मोजायला निघालो, पण त्याला बसायला जागा द्यायला विसरलो. प्रश्नावली घेऊन ताई ओसरीवर येते. उदासी मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली अवघ्या नऊ प्रश्नांची आहे. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, कामात मन लागते का, जगणे नकोसे वाटते का, असे तिचे स्वरूप. प्रश्न चांगले आहेत. पण ते विचारले जातात तेव्हा शेजारी सासू ज्वारी पाखडीत असते, दारात चार पोरे उभी असतात आणि भिंतीपलीकडे भावकीचा कान असतो. ‘झोप लागते का?’ ‘लागते की.’ ‘जगणे नकोसे वाटते का?’ ‘छे, असं कसं म्हणता!’ कागद भरतो, माणूस रिकामा होत नाही. यात ताईचा दोष नाही. तिला त्याच फेरीत गरोदर बायांची नोंद करायची असते, लसीकरणाची आठवण द्यायची असते आणि संध्याकाळच्या आत माहितीही भरायची असते.

आता माझ्यावर बेतलेला प्रसंग सांगतो. सांगताना मान खाली जाते, तरी सांगतो. कारण ज्याच्या अंगावर चूक आहे त्यानेच भांडावे, म्हणजे भांडण खरे होते.

काही वर्षांपूर्वी मला दोन दिवसांचे प्रशिक्षण मिळाले. त्याचा कागदही मिळाला. मी शाळेतला ‘समुपदेशक शिक्षक’ झालो. त्याच पावसाळ्यात आठवीतला एक मुलगा शाळेत येईनासा झाला. आठवड्यातून दोन दिवस यायचा, तेही मधल्या सुट्टीनंतर पसार. मी त्याला शिक्षकांच्या खोलीत बोलावले. तिथे दोन सहकारी वह्या तपासत होते, शिपाई पाणी भरत होता. मी अत्यंत मायेने, प्रशिक्षणात शिकवलेल्या सुरात, त्याला वीस मिनिटे शिक्षणाचे महत्त्व सांगितले. मधूनमधून ‘तुझ्या मनात काय आहे ते मोकळेपणाने सांग’ असेही म्हणालो. तो प्रत्येक वाक्याला ‘हो सर’ म्हणत होता. सतरा-अठरा वेळा तरी म्हणाला असेल. तो गेल्यावर मी नोंदवहीत लिहिले, ‘समुपदेशन केले. प्रतिसाद चांगला.’

ती नोंदवही अजून माझ्याजवळ आहे. मी कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत पुष्कळ कल्पित लिहिले. पण त्या एका ओळीइतके खोटे मी आजवर कुठेच लिहिलेले नाही.

आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणारी एक मावशी आहे. तिला वाचता येत नाही. मुलगा ज्या दिवशी येई त्या दिवशी ती त्याला हाक मारून तांदूळ निवडायला बसवी. स्वयंपाकखोलीत दोघेच. ती काही विचारीत नसे. दोघांचेही डोळे सुपात. दोन-चारदा असे झाल्यावर एके दिवशी तो सुपातले खडे वेचता वेचता म्हणाला, की आपला बाप रात्री उठून अंगणात बसतो, आणि ‘माझ्यामागं आईला तू बघायचं’ असे सारखे म्हणतो. म्हणून तो घरी राहत होता. बापावर पहारा करीत होता. तेरा वर्षांचा मुलगा, आणि मी त्याला शिक्षणाचे महत्त्व सांगत होतो!

मावशीने ते मला लगेच सांगितले नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. तिने आधी त्याला विचारले, ‘गुर्जींना सांगू का? ही गोष्ट आपल्या दोघांनी पेलायची न्हाई, लेकरा.’ त्याने मान हलवल्यावर ती माझ्याकडे आली. मला म्हणाली, ‘गुर्जी, पोराला समद्यांम्होरं इचारू नगा. मानसाचं दुखनं चव्हाट्यावर निघत न्हाई.’

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. आम्ही बापाला भेटलो. आशाताई बरोबर आली. त्याला डॉक्टरांकडे नेले. औषध सुरू झाले आणि एका समुपदेशकाकडे बसणे सुरू झाले. तो तरुण त्याला समोर बसवून तास-पाऊण तास ऐकत असे. पहिल्या खेपेला हा गृहस्थ सोयाबीनच्या भावाखेरीज काही बोलला नाही. तिसऱ्या खेपेला बोलला. एस.टी.चे भाडे आणि दिवसाची मजुरी बुडवून तो पाच वेळा गेला. सहाव्या वेळी गेला तेव्हा तो तरुण तिथे नव्हता. त्याचे कंत्राट संपले होते. खुर्चीवर दुसरेच कोणी होते, आणि त्यांनी नव्या कागदावर पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली: नाव काय, झोप लागते का? ‘लागते की,’ असे सांगून हा परत आला आणि पुन्हा गेला नाही. ते ठिकाण कोणते हे मी सांगणार नाही, कारण कंत्राटाची ही रीत एकाच ठिकाणची नाही. तो गृहस्थ आज हयात आहे, मुलगा पुढच्या शिक्षणाला गेला आहे. पण यात व्यवस्थेपेक्षा नशिबाचा वाटा मोठा आहे, आणि नशिबावर जिल्हा चालवता येत नाही.

समोरासमोरचे समुपदेशन कशाने फळते, याचे उत्तर या एका हकीकतीत जवळजवळ सगळे आले आहे. तरी पुस्तकी पुराव्याशिवाय ज्यांचे समाधान होत नाही त्यांच्यासाठी थोडे बाहेर जाऊ.

कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1957 साली एक निबंध लिहिला. माणसात बदल घडण्यासाठी आवश्यक आणि पुरेशा अटी कोणत्या, हा त्याचा विषय. त्याने सहा अटी दिल्या. त्यांत पहिली इतकी साधी आहे की वाचून हसू यावे: दोन माणसांचा एकमेकांशी मानसिक संबंध जुळलेला असला पाहिजे. पुढच्या अटींचे सार असे, की ऐकणाऱ्याने सोंग आणू नये, समोरच्याला अटी न घालता मान द्यावा, त्याच्या जागी उभे राहून त्याचे जग पाहावे, आणि हे सारे त्याच्यापर्यंत थोडे तरी पोहोचावे. सहाही अटींत ‘सल्ला द्यावा’ ही अट नाही. उपदेशाचे तर नावच नाही.

‘हे अमेरिकेत ठीक आहे, आमच्याकडे एवढे शिकलेले समुपदेशक आणायचे कोठून?’ असा प्रश्न ताबडतोब येतो. त्याचे उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात मिळाले आहे. ‘संगत’ या संस्थेने विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. तीव्र उदासीने ग्रासलेल्या 495 माणसांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला त्याखेरीज सहा ते आठ बैठकी मिळाल्या. बैठकी घेणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. मुद्दाम शिकवून तयार केलेली साधी, स्थानिक माणसे होती. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा पहिल्या गटात शंभरांतले 39 सावरले होते, दुसऱ्यात 64. आफ्रिकेतल्या झिंबाब्वे देशात डिक्सन चिबांडा या डॉक्टरांनी 2006 पासून दवाखान्याच्या आवारात लाकडी बाके टाकून त्यांवर प्रशिक्षित आज्या बसवल्या. तिथेही तोच अनुभव आला. म्हणजे आमची मावशी हा चमत्कार नाही. तिला शिकवले, पगार दिला, मान दिला, तर ती व्यवस्था होऊ शकते.

पण गोव्याच्या त्या प्रयोगातली एक गोष्ट आपले लोक वाचतच नाहीत. ते समुपदेशक दर आठवड्याला एकत्र बसत, एकमेकांच्या बैठकींची ध्वनिमुद्रणे ऐकत आणि कोठे घाई झाली, कोठे उपदेश झाला, याची उजळणी करीत. ऐकणाऱ्याचेही कोणी ऐकत होते! आपल्याकडे याचा पत्ता नाही. दिवसभर दहा जणांची दुःखे पोटात घालून घरी जाणाऱ्या माणसाने ती कोठे उतरवावी? तो हळूहळू बधिर होतो आणि बधिर माणूस उपदेश करू लागतो, कारण उपदेशाला ऐकावे लागत नाही. जे समुपदेशन समुपदेशकाला मोडते, ते समोरच्याला जोडू शकत नाही.

आता काही जुने लोक म्हणतील, ‘कशाला ही नवी थेरे? आपल्याकडे पार होता. माणसे पारावर बसत, मन मोकळे करीत.’ पाराचे गोडवे मीही माझ्या कादंबरीत गायले आहेत. पण खरे सांगा, पारावर कधी कोणा बाईला मन मोकळे करताना पाहिलेत? आणि पुरुष तरी काय बोलतात? लोहारा तालुक्यातले एक वृद्ध गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेशविसर्जन करून निजलेल्या गावांवर भूकंप कोसळला, त्यातून ते वाचले. त्या पहाटेची कथा त्यांच्या तोंडून मी पारावर कितीदा तरी ऐकली आहे: आवाज कसा झाला, माती कशी आली, लष्कराचे जवान कधी पोचले. ठरलेले शब्द, ठरलेले थांबे. एकदाच, रात्रीच्या एस.टी.त आम्ही दोघे मागच्या बाकावर होतो, तेव्हा ते अंधारात खिडकीकडे तोंड करून म्हणाले, ‘दोघांचे हात धरले होते. एकाचा सुटला न्हाई गुर्जी, मी सोडला.’ हे वाक्य पारावर कधीच आले नव्हते. चाळीस कान असले की माणूस कथा सांगतो. एकच कान असला म्हणजे खरे सांगतो.

हे आपल्या मातीला ठाऊक नव्हते असे नाही. तेर हे गोरोबाकाकांचे गाव आमच्याच जिल्ह्यात, तेरणेच्या काठी आहे. गोरोबांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा सर्वांना पाठ आहे. आम्ही ती नामदेवांची फजिती म्हणून सांगतो आणि हसतो. मला तिच्यात दोन निराळ्या गोष्टी दिसतात. एक, मडके कच्चे की पक्के हे आवाजावरून कळते, आणि त्यासाठी हात व कान दोन्ही मडक्याजवळ असावे लागतात. दुसरी, भरल्या सभेत कच्चे ठरलेले नामदेव रागावून उठून गेले. सभेने त्यांचे काही भले केले नाही. त्यांच्यात बदल घडला तो पुढे, औंढ्याच्या देवळात, जिथे विसोबा खेचर होते, ते होते आणि तिसरे कोणी नव्हते. मंडप घालून, फलक लावून, छायाचित्रे काढून जी शिबिरे होतात, ती सगळी गोरोबांची सभा आहे. मला औंढ्याचे देऊळ हवे आहे.

शेवटचा आक्षेप नव्या पिढीचा आणि तोच सर्वांत वजनदार. ‘आता घरोघर फोन आहेत. समोरासमोर बसण्याचा हट्ट कशाला?’ या आक्षेपाला मी हसण्यावारी नेत नाही. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. 14416 हा तिचा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे. वाचकहो, तो आजच घरात लिहून ठेवा. रात्री दोन वाजता ज्याचा श्वास कोंडतो त्याला सकाळच्या एस.टी.ची वाट पाहायला सांगणे हा अडाणीपणा होईल. फोनवरून किंवा पडद्यावरून केलेले समुपदेशन निरुपयोगी असते असेही संशोधन म्हणत नाही. पुष्कळ पाहण्यांत ते समोरासमोरच्या तोडीचे ठरले आहे. पण त्यासाठी माणसाजवळ स्वतःचा फोन आणि स्वतःची खोली लागते. आमच्या खेड्यात सुनेला फोन नवऱ्याचा, खोली सर्वांची, आणि आवाज पकडायला जावे लागते बाभळीखाली, जिथे निम्मा गाव उभा असतो. फोन हा उंबरठा आहे. उंबरठ्यावर उभे राहून संसार होत नाही.

आणि यंत्र? अलीकडे मुले रात्री फोनमधल्या यंत्राशी सुखदुःख बोलतात, हे ऐकून आमचे सहकारी कपाळाला हात लावतात. त्यांना मी एक जुनी गोष्ट सांगतो. 1966 साली जोसेफ वायझेनबाउम या अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी ‘एलायझा’ नावाचा एक संगणक-कार्यक्रम प्रसिद्ध केला. तो समोरच्याचेच वाक्य उलटवून त्याला प्रश्न विचारी. कळत त्याला काहीच नसे. त्यांची सचिव त्या कार्यक्रमाच्या घडणीची साक्षीदार होती. तिने त्याच्याशी बोलायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात प्राध्यापकांना सांगितले, ‘आपण जरा बाहेर जाता का?’ लोक ही गोष्ट यंत्राच्या मोहिनीची म्हणून सांगतात. मला तीत दुसरेच काही ऐकू येते: ‘आपण जरा बाहेर जाता का’ हे वाक्य. माणसाला बोलायला एकांत हवा असतो, इतका की तो मिळाला तर समोर यंत्र असले तरी त्याला चालते. आपली मुले यंत्राकडे जातात त्याचा दोष यंत्राला देण्याआधी, आपण त्यांना किती वेळा कडी लावलेले दार आणि मागे न फुटणारा शब्द दिला, याचा हिशेब करावा. माझ्या हिशेबात त्या मुलाच्या नावावर शून्य आहे.

तेव्हा माझी मागणी काय? फार मोठी नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि प्रत्येक माध्यमिक शाळेत एक लहान खोली द्या, जिच्या दाराला आतून कडी असेल आणि जिच्या खिडकीशी कोणी उभे राहणार नाही. खोलीवर ‘समुपदेशन कक्ष’ अशी ठळक पाटी लावू नका; पाटी वाचूनच निम्मी माणसे परत फिरतात. आत दोन सारख्या उंचीच्या खुर्च्या ठेवा, आणि त्या अशा तिरप्या ठेवा की नजर चुकवायची असेल त्याला चुकवता यावी. तांदळाचे सूप तेवढ्यासाठीच उपयोगी पडले होते. वेळ पाऊण तासाचा द्या. आलेल्या माणसाला पुढच्या आठवड्यात तोच चेहरा भेटेल याची हमी द्या. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर विश्वास उगवत नाही. ‘इथले बाहेर जाणार नाही, जिवाला धोका दिसला तरच, आणि शक्यतो तुम्हाला सांगूनच, मी दुसऱ्याला सांगेन’ हे पहिल्याच भेटीत स्पष्ट बोला. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गुप्तता हा रुग्णाचा हक्क केला आहे. तो निरक्षर मावशीने पाळला आणि प्रशिक्षित गुरुजींनी भर खोलीत मोडला. आणि जो ऐकतो, त्याचे ऐकणारा कोणी जवळच नेमा.

यात पैसा किती लागेल ते हिशेबनिसांनी पाहावे. मला एवढे दिसते की मंडप, फलक, हारतुरे आणि प्रमुख पाहुण्यांची गाडी यांना पैसा कधी कमी पडलेला नाही.

आमच्या शाळेपुरते मी एक केले आहे. प्रयोगशाळेमागची मोडक्या बाकांची खोली रिकामी करून घेतली. शब्द सुधारायला मला वेळ लागतो आहे. अजून तोंडात उपदेश येतो आणि मी तो गिळतो. खोलीला पाटी नाही. कडी मात्र स्वतः बाजारातून आणून, सुताराकडून आतल्या बाजूने बसवून घेतली आहे.